सहाव्या इंजेक्शनची सूट

बायकोच्या संधिवातासाठी डॉक्टरांनी दर दोन महिन्यांनी एक, अशी सहा इंजेक्शनं सांगितली. एकाची छापील किंमत चाळीस हजार. आमचा आरोग्यविमा वर्षाला दोन लाखांचा. म्हणजे पाच विम्यात आणि सहावं खिशातून, हे मी पहिल्याच दिवशी ताडलं. सहावं चुकलं तर बोटं पुन्हा आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको म्हणाली, पाचात जेवढं होईल तेवढं होऊ द्या.

मेहकरहून एसटीने बुलढाण्याला जायचं. हॉस्पिटलच्या औषध दुकानात विम्याचं कार्ड मी काउंटरवर असं ठेवायचो की रांगेतल्या सगळ्यांना दिसावं. खोक्यावरची मुदत तपासायचो, बॅच नंबर वहीत उतरवायचो. समोर पाटी होती : 'रोखीने वीस टक्के सूट'. ती मी दर वेळी वाचली. ज्यांना विमा नाही त्यांच्यावरची ही दया आहे, असं समजून मला त्यांची कीवही यायची.

पाचव्या वेळी बिलावर सही करून मी इंजेक्शन गार ठेवायच्या बर्फाच्या पिशवीची वाट बघत उभा होतो. मागच्या गृहस्थांनी, मोताळ्याचे होते ते, तेच इंजेक्शन घेतलं आणि बत्तीस हजार मोजले. बत्तीस सक एकशे ब्याण्णव. सहाही इंजेक्शनं दोन लाखांत बसत होती, वर आठ हजार उरत होते.

दुकानदाराला विचारलं. त्याने मला समजावलं, "काका, पैसे कंपनी देऊन राह्यली. तुमचं काय जाऊन राह्यलं?" शिवाय मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की कार्डावरची सूट दुकान खात नाही. ती दर तीन महिन्यांनी विमा कंपनीकडे परत जाते.

मी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने मान्य केलं की अशी व्यवस्था आहे. मग तुम्हाला बत्तीस पडले, तर माझ्या दोन लाखांतून चाळीस कसे कापले? थोडा वेळ फोनवर बासरी वाजली. नंतर कळलं की ती रक्कम सर्व विमाधारकांच्या हितासाठी वापरली जाते. मीही त्यांच्यातलाच एक, माझं हित कधी, असं विचारल्यावर तिने तक्रार नोंदवून घेतली.

पाच वेळा आठ हजार म्हणजे चाळीस हजार. बायकोचं एक अख्खं इंजेक्शन कंपनीकडे जमा होतं. मी हा गुणाकार पत्रात लिहून पाठवला. उत्तर आलं की आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. गुणाकाराबद्दल चकार शब्द नव्हता. सोबत एक कॅलेंडर होतं. सवलतीतला माझा वाटा तो असावा.

तोवर बायकोला कणीक मळता येऊ लागली होती. "आता राहू द्या सहावं," ती म्हणाली. मी ठेव मोडली आणि कॅलेंडरवर तारखेला गोल केला.

दुकानदाराने सवयीने हात पुढे केला. "काका, कार्ड?"

"संपलं."

"मंग तुमाले सूट भेटते," तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता.

त्याने आठ हजार वजा करून बिल दिलं. बर्फाच्या पिशवीची गाठ सुटत होती, ती शेजारी उभ्या बायकोने स्वतःच्या बोटांनी घट्ट मारली.