पन्नासाव्या पानावरचे तीन ठिपके

मुलुंड पूर्वेला, पिठाच्या गिरणीशेजारी एक खासगी वाचनालय होते. गाळा एवढासा, पण पुस्तके छताला टेकलेली. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत तिथे मुख्यतः तीन प्रकारची पुस्तके फिरत: नटनट्यांच्या आठवणी, कोणत्या मंत्र्याने काय खाल्ले याचा छडा लावणारी पत्रकारांची पुस्तके आणि प्रेमाच्या कादंबऱ्या. फाटू नयेत म्हणून मालक सगळ्यांना एकसारखे तपकिरी पुठ्ठे घालून घेई. त्या शिवणीत पुढची-मागची पाने जात, कधी नावही जाई. वाचलेलेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून बायकांनी त्यावर उपाय काढला होता. पुस्तक वाचून झाले की आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने आपली खूण करायची. कुणी चंद्रकोर काढी, कुणी फुली. माझी आई पन्नासाव्या पानावर, आकड्याखाली त्रिकोणात तीन ठिपके देई. ही पुस्तके आहेत की रांगोळीची वही, असे मालक कुरकुरत म्हणे. पण खुणा पुसत नसे.

वडील गेल्यावर आई कुडाळकडचे घर बंद करून आमच्याकडे आली होती. भाजी माझी बायको आणी, बँक मी बघे. आईने एकटीने बाहेर जाऊन करायचे असे एकच काम उरले होते, वाचनालयात जाऊन पुस्तक बदलणे. त्यासाठी ती धुतलेले पातळ नेसे, केस पुन्हा विंचरी. आल्यावर मालकाशी काय वाद घातला ते रंगवून सांगे.

माझे काम हिशेब तपासण्याचे. चूक कुठून सुरू झाली हे मागे जाऊन शोधायची मला सवय आहे. आईच्या बाबतीत ती सुरुवात कादंबऱ्यांपासून झाली, हे मला फार उशिरा कळले. एका कादंबरीतल्या डॉक्टरला ती दुसरीतल्या बागाईतदाराशी जोडून देई, आणि आम्ही हसत असू. त्या कादंबऱ्या होत्याच तशा, कुणाचाही घोटाळा झाला असता. मग राजकारणाची पुस्तके गेली. एकदा लाचखोरीवरचे एक जाडजूड पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचले आणि मला विचारले, "पण पैसे खाल्ले कोणी?" सगळे पुस्तक त्याच एका प्रश्नावर होते. नाटकवाल्यांच्या आठवणी मात्र बराच काळ टिकल्या. लहानपणी गावात आलेल्या कंपन्या, त्यांतले स्त्रीवेष घेणारे नट, त्यांचे शालू, हे सारे ती पुस्तकाच्याही पुढे जाऊन सांगे. त्या गप्पा ऐकून आम्ही स्वतःची समजूत घालत राहिलो.

एके दिवशी मालकाने मला ऑफिसातून येताना थांबवले. आई तेच पुस्तक परत करून तेच पुन्हा नेते, असे तो म्हणाला. "परवा सगळ्यांसमोर मला बोलल्या, वाचलेलं पुस्तक गळ्यात मारतोस म्हणून. मी काय करू, सांगा."

त्याने पन्नासावे पान उघडून दाखवले. ठिपक्यांचे तीन त्रिकोण एकाशेजारी एक होते. मी उगाच ते पुन्हा मोजले.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हे असेच वाढत जाईल. आईचे वाचनालयात जाणे बंद करावे का, यावर आम्ही दोघे बरेच दिवस बोललो. बंद केले असते तर तिच्याकडे काहीच उरले नसते. पण चालू ठेवायचे तर त्या ठिपक्यांचा त्रास होता. पुस्तक आणले की ती आधी पन्नासावे पान काढी. आपले ठिपके दिसले की पुस्तक चाळून बघे. ओळखीचे काहीच सापडत नसे, आणि तिचा चेहरा उतरे. "माका कायच आठवना नाय रे," एवढेच म्हणे आणि जेवायला नको म्हणे. बायको म्हणाली, मालकाला सांगून ठिपके पुसून घेऊ. मला ते पटेना. ते तिच्या हातचे होते. शेवटी, मीच मालकाकडे बसून हाती लागतील तेवढे खोडले. तरी काही राहिलेच.

राहिलेल्यांपैकी एक नाटकातल्या बाईच्या आठवणींचे पुस्तक एका दुपारी घरी आले. आईने पन्नासावे पान उघडले, आणि या खेपेला ती घाबरली नाही. तिने बायकोला हाक मारली.

"ही कोण बाई गो? माझ्यासारखेच ठिपके काढता. तिका एकदा चायेक बोलव."

रात्री बायकोने हे मला सांगितले. आई घाबरत नाही, एवढेच तर आम्हाला हवे होते.

आईने मात्र ध्यास घेतला. रोज विचारी, ती बाई येतली कधी? एका शनिवारी तिने दुपारीच चांगले पातळ नेसले, बिस्किटे बशीत काढली आणि दाराकडे तोंड करून बसली. बायको गिरणीतून दळण घेऊन आत आली, तर आई उठून उभी राहिली. "येवा, येवा. किती वाट बघूची?" बायकोने पिठाचा डबा कोपऱ्यात ठेवला आणि पाहुणीसारखी खुर्चीवर बसली. दोघींनी चहा घेतला. नाटकातल्या त्या बाईबद्दल आई तासभर बोलली. आपली सून कामाची आहे, पण तिला वाचनाची गोडी नाही, असेही तिने सांगितले.

मी घरी आलो तेव्हा बायको बाहेर जिन्याजवळ उभी होती. पायात चपलाही नव्हत्या. आत का जात नाहीस, असे मी विचारले.

"कशी जाऊ?" ती म्हणाली. "आत्ताच त्यांनी मला दारापर्यंत पोचवलंय. परत येवा म्हणाल्या."