परशरामाचे पाय

बेळगावला लागून असलेल्या शहापुरातल्या एका बोळात परशराम नावाचा विणकर राहायचा. राहायचा म्हणजे खड्ड्यातच राहायचा. हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून सकाळी बसला की जेवायला वर यायचा आणि ढेकर देऊन पुन्हा खाली उतरायचा. बोळाला तो कमरेपासून वरच ठाऊक होता.

त्याची सगळी अक्कल मात्र होती त्या पायांत. डावी पावडी पायानं दाबून सुतात वाट उघडायची, उजव्या हातानं दोरीला हिसका द्यायचा, की धोटा सुतातून पार. मग उजवी पावडी, पुन्हा हिसका, की धोटा माघारी. चोवीस वर्षं हेच. झोपेतही त्याचे पाय चालायचे, आणि मनुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आपलं अंथरूण हातभर लांब घालायला कधीच सुरुवात केली होती.

मग जर्मनीची लढाई सुरू झाली आणि सूत मिळेनासं झालं. बोळातले माग एकेक करून मुके झाले. एका सकाळी परशराम खड्ड्यातून बाहेर आला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "मी निपाणीला चाललो. लारी शिकतो."

मनुबाईच्या हातातली सुताची कांडी घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली. परशरामाच्या आईनं तर बसकणच मारली. त्या घरात आजवर कुणी बैलगाडीसुद्धा हाकली नव्हती.

"लारी?" मनुबाई म्हणाली. "अवो, टांग्यात बसलं तरी तुमचं डोळं फिरत्यात!"

"ते मागं बसल्यावर. हितं फुडं बसायचं असतंय."

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचे दोन्ही ड्रायव्हर पलटणीत गेले होते आणि आता हातपाय धड असलेला कुणीही त्याला चालत होता. बोचकं बांधून झाल्यावर परशरामानं मागाकडे बोट दाखवलं. मागावर एक लुगडं अर्धं विणून राहिलं होतं.

"ह्याला कुणी हात लावायचा न्हाय. ही माझी जागा. परत येऊन मीच पुरं करणार."

हे लुगडं म्हणजे त्यानं शहाणपणानं मागं ठेवलेली पळवाट होती. लारी जमली नाही, तर 'लुगडं पुरं करायला आलोय' म्हणत ताठ मानेनं खड्ड्यात उतरता येणार होतं.

लारी जमली नाही. निपाणीत यल्लाप्पा मिस्त्रीनं त्याला शेजारी बसून शिकवायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी मिस्त्रीची टोपी उडून रस्त्यात पडली. डावा पाय क्लचवर जाताच परशरामाचा उजवा हात आपोआप भोंपूवर जायचा. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, की पुन्हा हात भोंपूवर. एक हिसका, एक भों, एक हिसका, एक भों.

"आरं, लारी चालवतोस का लुगडं इनतोस?" मिस्त्री टोपी झटकत ओरडला.

तवंदीच्या घाटात तर परशराम डोळे मिटायचा आणि मिस्त्री ते उघडायला लावायचा. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती लारी आधीच खोकल्यानं बेजार. चार महिने असे गेले. एकटं गाडी हाकायला तो शिकला, पण मन लागेना. प्रत्येक वळणावर त्याला ते अर्धं लुगडं दिसायचं. अखेर बेळगावची खेप निघाली तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "मिस्त्री, मी आता घरी ऱ्हातो. लारी तुमी माघारी न्या."

मिस्त्री सोबत आला. तंबाखू उतरवून दुपारी दोघं शहापूरला पोचले. मिस्त्रीला लारीत बसवून परशराम बोळात शिरला आणि जागच्या जागी थांबला.

खटाक-खट. खटाक-खट.

त्याच्या घरातून माग चालल्याचा आवाज येत होता. आपल्या खड्ड्यात परका गडी? तो धावत आत गेला, आणि दारातच त्यानं आ वासला.

खड्ड्यात मनुबाई बसली होती. त्या बोळात आजवर बाईमाणसानं कांड्या भरल्या होत्या, खड्ड्यात पाय घातला नव्हता.

"अगं... तू?"

"मग काय मांजर?" हात न थांबवता ती म्हणाली.

"माझं लुगडं कुठाय?"

"ते उतरलं की कवाच! हे तिसरं. सरकारच्या कंट्रोलचं सूत याय लागलंय."

"पन तुला ह्ये शिकवलं कुणी?"

"चोवीस वर्सं तुमच्या पायाकडं बगत कांड्या भरल्या. तुमचा डावा पाय आळशी हाय, म्हैत हाय का?"

परशरामानं आईकडं पाहिलं. "पयल्या दिशी मी लई रडलो," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्या दिशी पान खाल्लं."

"ऊठ," परशराम घुश्शात म्हणाला. "मी बसतो."

मनुबाई उठली. तो खड्ड्यात उतरला, पावड्यांवर पाय ठेवले आणि त्याला कसं गार वाटलं. डावी, हिसका. उजवी, हिसका. तेवढ्यात घरचं मांजर मागासमोरून आडवं पळालं.

"सरक!" परशराम ओरडला आणि त्यानं दोन्ही पाय एकदम करकचून दाबले. हाताचा हिसका तेवढ्यात बसला होता. मिटलेल्या सुतात धोटा सणसणत घुसला आणि ताण्याचे उभे धागे तटातट तुटले.

परशराम खाली वाकून आपल्या पायांकडे बघत राहिला. ते अजून ब्रेक दाबूनच बसले होते.

"मांजर वाचलं पर," म्हातारी म्हणाली.

मनुबाईनं तुटलेले धागे बोटांनी चाळले. ती रागावली नाही, आणि त्यालाच तो जास्त घाबरला. "उटा आता," ती हळू म्हणाली. "सांधायला दुपार जाईल माझी. आन लारी तितं रस्त्यात हुबी हाय न्हवं? जेवून जावा."

तो जेवला. नेहमीपेक्षा दोन भाकरी जास्त जेवला. तो बोळातून बाहेर पडेपर्यंत माग गप्प होता.

लारीत मिस्त्री स्टिअरिंगच्या चाकामागं सरकून बसला होता. "काय रं, ऱ्हातोस न्हवं?"

"न्हाय. सरका तिकडं."

"आन ती तुजी जागा?"

"भरली," परशराम म्हणाला आणि चाकामागं बसला.

खडेबाजारात गर्दी मावत नव्हती. मिस्त्री सवयीनं टोपी एका हातानं आणि दारावरचा दांडा दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसला होता. बाजार संपला तेव्हा त्यानं चकित होऊन आधी दांडा सोडला, मग टोपी. सबंध बाजारात लारीनं एक हिसका दिला नव्हता, आणि परशरामाचा हात भोंपूकडं गेला होता तो एकदाच, म्हैस आडवी आली म्हणून.