खळीचा वास

“बाई, आता तुम्ही वाघ व्हा,” म्हणत शहरातून आलेल्या मॅडमनं कागदाचा मुखवटा माझ्या तोंडावर घट्ट बांधला. मोहाची फुलं वेचताना माझ्या नवऱ्याला जनावरानं नेलं, त्याला महिनाच झाला होता. मॅडम खेळातून आमचं दुःख हलकं करायला आल्या होत्या.

जाऊ म्हणाली, “मॅडम, आमी त्याचं नावबी घेत नाई. जनावर म्हणतो.”

“म्हणूनच गुरगुरायचं. भीती जाईल.”

दारात सरपंच उभे. “करून टाका न बाई, दुरून आल्या त्या.”

मुखवट्याच्या आत ओल्या खळीचा वास आणि माझाच गरम श्वास. मी गुरगुरले. टाळ्या वाजल्या.

आज नातीनं शाळेचं चित्र चिकटवायला खळ शिजवली आणि तोच वास आला. तेव्हा मॅडमबद्दल वाटलं होतं, शिकलेल्या आहेत, बरंच करतील. आता तसं वाटत नाही. त्या दिवशी गुरगुरली ती, ज्याला जनावरानं नेलं त्याचीच बायको होती, मी.