मुळगावचा आवाज

रविवार. ग्रुप कॉलवर हजर: मांद्रे, आमोणे, मुळगाव आणि मी. स्मृती गेलेल्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यांचा हा ग्रुप. इथे नावं नाहीत, गावावरून ओळखायचं. हजेरी मी लिहिते.

मुळगाव कॅमेरा लावत नाही, तरी आवाज मी ओळखला. डिचोलीच्या बसमध्ये रोज "फुडे सरा, फुडे" म्हणून खेकसणारा कंडक्टर तो हाच. इथे मात्र आधी प्रत्येकाला विचारतो, "जेवलात मां?" न्हाणीघराची आतली कडी काढून टाका, म्हणजे माणूस आत अडकत नाही, हे त्यानंच शिकवलं.

आज त्यानं कुणालाच जेवणाचं विचारलं नाही. थेट म्हणाला, "काल मी आवशीक मारलंय. माका ग्रुपातून काढून टाका."

मांद्रेच्या वयस्कर बाईंनी विचारलं, "आज आई जेवली?"

"जेवली. माज्याच हातान."

"मग फुडल्या आयतवारी ये."

मी मुळगावपुढे 'हजर' लिहिलं.

माझ्या बाबांच्या दंडावरही एकदा माझी बोटं उमटली होती. 'ग्रुपला सांगणे' असं कामांच्या यादीत लिहून ठेवलंय. गेले चार रविवार ते पुढच्या पानावर उतरवतेय.