स्वस्तातला टच फोन आणि माहेरी पाठवलेली बाई

अन्याय झाला तो आष्टी तालुक्यातल्या एका ऊसतोडणी करणाऱ्या बाईवर. कधी झाला तेही सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, तव्यावर भाकरी असताना. तिचं नाव मी लिहिणार नाही. गावाने तेव्हा ते पुरेसं घेतलं.

मी त्या वेळी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे वर्दी सोडली, आता गावोगाव बायकांच्या बैठका घेते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण बैठकीत कुणी "एखादी केस सांगा की मॅडम" म्हटलं की तोंडी हीच येते, आणि दर वेळी राग तेवढाच येतो.

ती भावाबरोबर ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर तिने आपला बटणांचा साधा फोन ठेवला.

"ह्याच्यावर उन्हाळ्यापासनं कोण तरी फोन लावतंय. बोलत न्हाई. नुसती घुंगरं वाजत्यात, वारं येतं, मधीच कुणी खोकतं. त्याच्यापायी मला घरातून काढलं. कोण हाय ते काढा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तसाच फोन आला, तेव्हा नवऱ्याने तो तिच्या हातातून हिसकावला, पारावर नेला, स्पीकर लावून चारचौघांना ऐकवला आणि "ऐका हिचा यार" म्हणाला. मग त्यानेच त्या नंबरवर उलटा फोन लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "कोण हाय बे?" गावाला एवढा पुरावा पुरला. सासूने तिची पिशवी भरून दारात ठेवली.

आमच्या वरिष्ठांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरगुती मामला आहे. समज द्या, पाठवून द्या."

घरगुती! एखाद्याची म्हैस सोडून नेली तर गुन्हा, आणि बाईची अब्रू पारावर काढली तर घरगुती. मी त्रास देणाऱ्या फोनचा गुन्हा नोंदवला, तिचा फोन ठाण्यातच ठेवून घेतला आणि तपास स्वतःकडे ठेवला.

घाई होती. दसरा झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. टोळीत कोयता मोजतात तो नवरा-बायकोच्या जोडीवर. जोडी मोडलेल्या बाईला मुकादम घेत नाही, आणि डाग लागलेलीला तर मुळीच नाही. गावात तोंड दाखवता येईना आणि कामही जाणार, अशी तिची गत होती.

सिम भलत्याच्याच नावावर निघालं, म्हणून जिल्ह्याहून टॉवर लोकेशन मागवलं. आज कडा गावाजवळ, दोन दिवसांनी भलतीकडेच, पुन्हा तिसरीकडे. आमचे एक जुने हवालदार होते, त्यांना सगळं ठाणं मामा म्हणायचं. त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, सराईत हाय. एका जागी टिकंना."

खबर मिळाली ती रिचार्जच्या टपरीवरून. टपरीवाला म्हणाला, "ह्या नंबरचा मेंढपाळ येतो की. दर वेळी भांडतो. म्हणतो मी फोनच करत न्हाई, मग तुमची कंपनी माझा बॅलन्स कावून खाती?"

मेंढपाळ म्हटल्यावर ती जागा बदलण्याची भानगड कळली. मेंढ्या घेऊन माणूस फिरणारच. त्याला एका शेतातून चौकशीला आणलं. साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, डोक्याला लाल पटका. मेंढ्या बायकोवर सोडून आल्यामुळे त्याचं सारं लक्ष दाराकडे. सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात टच फोन.

त्या फोनबद्दल इथेच सांगायला हवं. आपल्याकडे टच फोन स्वस्त झाले तेव्हाचं हे मॉडेल. जाहिरातीत बोट अलगद फिरायचं. प्रत्यक्षात पडदा प्लॅस्टिकचा आणि दाबाचा. नखाने दाबा, काडेपेटीतल्या काडीने दाबा, तेव्हा चालायचा. बोलता बोलता गाल लागला की फोन कट. लॉक होतं, पण दाबाने सरकून उघडायचं. पुढच्याच पानावर आपल्या माणसांचे फोटो लावायचे चार चौकोन. चौकोन दाबला की थेट फोन लागायचा. कंपनीने ही मोठी सोय म्हणून मिरवली. खिशात दाबला गेला तर काय होईल, हे ना जाहिरातीत होतं ना खोक्यावर. वर्षा-दोन वर्षांत चांगले फोन आले आणि हे सगळे आठवडी बाजारात जुने म्हणून विकायला बसले. शहराने टाकलेलं गावात येतं, ते असं.

मामांनी चौकशी सुरू केली.

"त्या बाईला फोन कावून लावतो?"

"कुठली बाई, सायेब? मी कुणालाच लावत न्हाई. मला लावता येत न्हाई. आला तर घेतो, न्हाईतर गाणी ऐकतो."

"मग काय मेंढ्या लावत्यात का बे फोन?"

शिपाई हसले. तो हसला नाही. चौकशीत मी एक पाहिलं आहे: खोटं बोलणारा माणूस तुम्हाला पटलं की नाही ते तुमच्या चेहऱ्यावर शोधत राहतो. हा अजून दाराकडेच बघत होता.

फोन जप्त करायला पंच यायचे होते, म्हणून तो त्याच्याच खिशात होता. मामांनी आवाज चढवला. म्हातारा घाबरला, खाली वाकला आणि दोन्ही हातांनी मामांचे बूट धरले. "सायेब, लेकरांची आण..."

टेबलावरचा त्या बाईचा फोन वाजला.

पडद्यावर ह्याचाच नंबर. ह्याचे दोन्ही हात मामांच्या बुटांवर, छाती गुडघ्यावर दाबलेली. मामा पाय हलवायचं विसरले. मी फोन उचलला, तर त्यातून माझ्याच ठाण्याच्या पंख्याची खरखर आणि म्हाताऱ्याचा श्वास ऐकू आला.

पंच आल्यावर त्यांच्यासमोर त्याला तीनदा वाकायला लावलं. दोनदा फोन लागला. वाघर, म्हणजे मेंढ्यांचं जाळं, बांधायला वाकला की फोन. कोकरू उचलायला वाकला की फोन.

मग पुढचं पान उघडलं. दुसऱ्या चौकोनात जत्रेतला फोटो होता, हिरव्या लुगड्यातली बाई. आमची फिर्यादीच.

मामा पुन्हा तापले. "आणि ही कोण बे?"

"ती फोनात आधीपासनंच हाय. बाजारातनं आणला तवाबी होती. मला वाटलं कंपनीची हाय."

आत आणखी फोटो होते. बैलजोडीपुढे छाती काढून उभा असलेला एक तरुण. "ह्यो बी कंपनीचाच," म्हातारा म्हणाला.

तो तिचा नवरा होता.

त्याला बोलावलं आणि फोन पुढे ठेवला. त्याने उलटा-सुलटा करून पाहिला. मग पडेल आवाजात म्हणाला, "माझाच हाय. उन्हाळ्यात बाजारात देऊन टाकला. सिम काढलं, बाकी कोण पुसत बसतंय."

ज्या फोनवर त्याने स्वतःच्या हाताने बायकोचा फोटो लावला होता, तो फोन तिला हाक मारत होता. आणि त्याच हाकेवरून त्याने तिला घराबाहेर काढलं होतं. म्हाताऱ्याला आम्ही जीपने मेंढ्यांपाशी सोडलं. मामांनी वाटेत त्याला चहा पाजला. माफी मात्र मागितली नाही.

दोन दिवसांनी नवरा दोन पाहुणे घेऊन तिच्या माहेरी गेला. काही गडबड नको म्हणून मीही गेले होते. "झालं गेलं सोडा. चल, टोळी निघायची हाय," तो म्हणाला.

ती ओसरीवरून उठली नाही. "जोडी मोडली म्हणून आलाव. मी खरी ठरले म्हणून न्हाई. पारावर बोलला होता ना? तिथंच चला. तेवढीच माणसं बोलवा."

पाहुणे म्हणाले, पोलिसांनी लिहून दिलंय, आता आणखी काय हवं. ती म्हणाली, "कागद ठाण्यात हाय. मला बोलले ते पारावर."

शेवटी तो पारावर उभा राहिला. माणसं जमली, पण त्या दिवसाच्या निम्मीच. तमाशाला येणारे माफीला येत नाहीत. "चूक झाली," तो पुटपुटला.

"कुणाची? ते बोला."

"माझी."

त्या हंगामाला ती भावजयीबरोबर गेली. दोन बायांचा कोयता मुकादमाने कुरकुरत घेतला. पुढे ती नांदायला गेली का, असं बैठकीत हमखास विचारतात. तो तिचा प्रश्न आहे, तुमचा नाही.

मला या केसने शिकवलं ते एवढंच: आरोप खोटा हे ठाण्यात ठरतं, पण डाग जिथे लागला तिथेच पुसावा लागतो. पोलीस तपास करतील, पण तुमच्या पारावर येऊन तुमचं तोंड उघडणार नाहीत. त्या सकाळी पारावर उभे असलेल्यांतल्या एकानेही "थांब, आधी नंबर कुणाचा ते बघू" असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त ऐकलं.

तुमच्या गल्लीतही फोनच्या संशयावरून माहेरी पाठवलेली एखादी बाई असेल. तिला बोललं जात होतं तेव्हा तुम्ही तिथे असाल, गप्प असाल. तर हे वाचून झालं की उठा. त्याच जागी जा, त्याच लोकांना बोलवा आणि मोठ्याने सांगा की आम्ही शहानिशा न करता तिला डाग लावला.