बडेबाबूंचा धूळबंद बंगला

बडेबाबूंच्या घरात कुठलीही गोष्ट बिघडत नसे, ती प्रलंबित होत असे. नळ गळायला लागला की नळ प्रलंबित. त्यांची स्वतःची एक दाढ किडली, तीसुद्धा गाल सुजेपर्यंत प्रलंबितच होती. चिखलीच्या एका कचेरीत मुख्य लिपिक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी गल्ली त्यांना बडेबाबूच म्हणायची, आणि तेही घरात इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बसायचे. मेथीच्या जुडीबद्दल ते अशा भाषेत खुलासा मागत, की भाजीवाला आधीच घाबरून कोथिंबीर फुकट देऊन टाकी.

मी त्यांची भाडेकरू. माझं माहेर-सासर दोन्ही देवगडच्या बाजूला. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला इकडे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम लागलं म्हणून एवढ्या लांब आले. मशीनचा आवाज होतो म्हणून शिवणकाम करणाऱ्या बाईला कुणी खोली देईना. बडेबाबूंनी शिक्षण विचारलं. मी खाली बघून आठवी म्हटलं. ते म्हणाले, "शिक्षणवाले लई पाह्यले ताई. घरात कोणी काम करताना दिसलं पाहिजे, मले तेवढंच." या उपकारातून मी अजून उतराई झालेले नाही. पण मिळालेली खोली कधीही जाईल ही धाकधूक तेव्हापासूनच लागली. दारावर त्यांची टकटक झाली की माझी सुई वाकडी जायची.

खोली रस्त्याच्या बाजूची, जुनी, धाब्याची. म्हणजे वर लाकूड आणि मातीचं सपाट छत, जाड भिंती आणि छताला मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक. पावसात आणि कडक उन्हात त्यावर पत्र्याचं झाकण टाकायचं. मागचं सगळं घर बडेबाबूंनी निवृत्तीनंतर नवं करून घेतलं. ही खोली मात्र तशीच राहिली, कारण भाडेकरूच्या डोक्यावर पीओपीचं छत कशाला, असा रास्त विचार त्यांनी केला होता.

पीओपी मागे होतं. हॉलच्या छताला पाकळ्या, पाकळ्यांत निळे दिवे. भिंतींना छातीपर्यंत चकचकीत टाइल्स, वर प्लास्टिकचा रंग. खिडक्या सरकत्या काचांच्या आणि त्या सरकवायच्या नाहीत असा नियम. जुन्या घरात छताजवळ झरोके होते, ते विटांनी बुजवले. त्यातून चिमण्या यायच्या आणि मुख्य म्हणजे धूळ यायची. धुळीशी बडेबाबूंचं जुनं वैर. आयुष्यभर फायली झटकून झटकून त्यांना शिंकांची सवय लागली होती. आता घर धूळबंद झालं. मेहकरचे, उंद्रीचे पाहुणे ते बघायला येत. बडेबाबू त्यांना चपला काढायला लावून आतून फिरवत, खिडकीच्या कडेवर बोट फिरवत आणि ते कोरं बोट सगळ्यांना दाखवत.

चिखलीकडे कूलर खिडकीत बाहेरून बसवतात आणि समोरची एक खिडकी किलकिली ठेवतात. हे इकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण खिडकीत कूलर म्हणजे बंगल्याच्या तोंडाला डाग. बडेबाबूंनी तो हॉलच्या मधोमध आणला, टाकी काठोकाठ भरली आणि सगळं लावून घेतलं. म्हणाले, "गारवा बाहेर काऊन जाऊ द्यायचा? बिल गल्ली भरते का?" पावसाळ्यात धुणंही आतच वाळत पडे. बंगल्यापुढे परकर लोंबलेले त्यांना चालत नसत.

मग पापड सादळायला लागले. काडेपेटी पेटेना. कपाटातल्या साड्यांना कुबट वास आला. झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके उठले. बडेबाबूंनी ते चष्मा लावून पाहिले, चष्मा काढून पाहिले आणि ती सावली आहे असा निर्णय दिला. सावलीवर त्यांनी कॅलेंडर टांगलं. सावली कॅलेंडरच्या बाहेर आली, तेव्हा शेजारी दुसरं टांगलं. त्यानंतर निरोप समारंभाचा फोटो लागला. हळूहळू त्या भिंतीवर इतके देव आणि इतके बडेबाबू जमले, की पाहुण्या बायका आत आल्या की आधी हात जोडायच्या.

मी भीत भीत म्हटलं, काका, ही बुरशी आहे, आत कुठेतरी पाइप गळत असेल. ते हसले. "तुम्ही कोकणवाले. तुमाले वाळवंटात नेलं तरी भिंतीले हात लावून पाहसान. इथं विहिरीले ओल नाही राहत, भिंतीले कुठून येईल?" तरी त्यांनी भिंत फोडून पाहिली. पाइप कोरडा ठणठणीत निघाला. मी खोटी पडले याचा त्यांना इतका आनंद झाला, की भिंत फोडल्याचं दुःखच राहिलं नाही. तक्रार निराधार, असं त्यांनी मला दारात उभं करून कळवलं आणि चहा पाजला. नंतर रंगवाला आला, त्याने टाइलवाल्याला दोष दिला. टाइलवाल्याने पीओपीवाल्याला दिला. पीओपीवाला म्हणाला, हवामानच बदललंय. हे उत्तर बडेबाबूंना फार पटलं, कारण त्यात कुणावर कारवाई करावी लागत नव्हती.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काकूंना दमा होता.

काकू म्हणजे बडेबाबूंची बायको. बारीक, कमी बोलणारी बाई. नवं घर झाल्यापासून त्यांचा खोकला हटत नव्हता. ब्लाउजला हुक लावायला मदत करते म्हणून त्या दुपारी माझ्या खोलीत येऊन बसत. हुक एखादाच लागे. छताच्या भोकाखाली सतरंजीवर आडव्या होत आणि थोड्या वेळाने छातीतली शिट्टी थांबे. हळूहळू उशी आली, पांघरूण आलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली की बडेबाबूंचं घरात पटत नाही. मला वेगळीच काळजी. काकू इथेच राहिल्या तर आम्ही जायचं कुठे? म्हणून एकदा म्हटलं, काकू, काकांना सांगा ना, आत दम लागतो म्हणून. त्या म्हणाल्या, "त्यायनं जिंदगीभर दुसऱ्याची धूळ खाल्ली पोरी. आता घर झाडाव नाही लागत, म्हणून लेकरासारखे खूश हायेत. ते मी कशी हिसकू?"

एका उन्हाळी दुपारी मेहकरहून बडेबाबूंचे जुने सहकारी जोडीने आले. त्यांनाही घर नवं करायचं होतं. कूलर पूर्ण वेगात सुरू, खिडक्या बंद, काकू कपाटातली ठेवणीतली साडी नेसून बसलेल्या. चहा मी नेला. बडेबाबू खिडकीच्या कडेवर बोट फिरवत होते आणि काकूंना खोकला आला. तो थांबेना. त्यांनी सोफ्याची कड धरली, मान ताणली, ओठांचा रंग गेला. शब्द फुटत नव्हता. बडेबाबूंनी खिडकी ओढली, पण कधीच न उघडलेली ती काच जागची हलली नाही. मग त्यांनी काकूंना काखेत धरलं आणि पाहुण्यांसमोरून ओढतच माझ्या खोलीत आणलं.

इस्त्रीच्या शर्टानिशी ते चिंध्यांत खाली बसले. उन्हासाठी टाकलेलं छताचं झाकण मी काठीने सरकवलं. काकूंचा श्वास परत यायला बराच वेळ लागला. तोवर बडेबाबू त्यांच्या छातीकडे एकटक बघत होते.

"असं कवापासून होते?"

"घर झालं तवापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

काकू दम घेत म्हणाल्या, "तुमी भिंतीचं आयकलं नाही. माहं काय आयकलं असतं?"

संध्याकाळी डॉक्टर, कूलरची आणि धुण्याची ओल बंद घरात कोंडूनच बुरशी धरते, असं बजावून गेले आणि उजाडताच गवंडी आला. बुजवलेले झरोके पुन्हा फोडले, भिंतीवरचे देव आणि सत्कार खाली उतरले. त्यांच्यामागे नकाशाएवढी काळी बुरशी होती. दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. खोली गेली हे मला कळलंच. मी कात्री-दोरे पिशवीत भरायला घेतले. बडेबाबू म्हणाले, "ताई, मशीन हॉलमध्ये न्या. ही खोली आमाले लागते. भाडं हाय तेच."

अशी मी निळ्या दिव्यांखाली ब्लाउज शिवू लागले आणि बंगल्याचे मालक धाब्याच्या खोलीत राहू लागले. नवी गिऱ्हाइकं मला मालकीणबाई म्हणत आणि बडेबाबूंना विचारत, किती दिवस झाले भाड्याने? खिडक्या दिवसभर उघड्या. रस्त्याची धूळ आत यायची, तिच्यात माझ्या कापडाची भर. बडेबाबू रोज येऊन कडेवर बोट फिरवत, बोटाकडे बघत आणि ते शर्टाला पुसून जात. गल्लीत कुणी बांधकाम काढलं, की मात्र ते तिथे हजर. झरोके ठेवा म्हणून असा दम देत, जणू झरोका त्यांनीच शोधून काढला.

पुढे नवऱ्याचं काम गुजरातेत गेलं, आम्हीही गेलो. निघताना बडेबाबूंनी नव्या घराला समोरासमोर खिडक्या आहेत का एवढंच विचारलं. मी नाही म्हटल्यावर ते नवऱ्याला बाजूला घेऊन बराच वेळ रागावले.

बडेबाबू वारल्याचं काकूंनी फोनवर कळवलं. मी चिखलीला जाऊन आले. काकू त्याच खोलीत बसल्या होत्या, श्वास ठीक होता. त्या सांगत होत्या, "आखरीले आखरीले दुपारी निजलं का माह्या नाकापाशी हात धरून पाह्यत, श्वास चालू हाय का म्हणून. त्या दिवशीबी पाह्यला. मी डोळे मिटून होती. माहा श्वास पाहता पाहता त्यायचा कवा थांबला, मले समजलंच नाही."