रम म्हणजे दारू नव्हे

सांगलीच्या डॉक्टरांनी मला ‘दारू घेता का?’ असं विचारलंच नाही. रक्ततपासणीचा कागद पाहत ते म्हणाले, "रोज किती घेता?"

"घेत नाही," मी म्हणालो.

शेजारून माझी बायको सुमन लगेच म्हणाली, "आवं डॉक्टर, ह्यांनी खंडोबाचा भंडारा उचललाय. सात म्हयनं झालं, थेंबाला शिवलं न्हाईत."

दारूला शिवणार नाही, अशी भंडारा उचलून शपथ मी घेतली होती, हे खरं. पण मी सतरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस. आमच्या कोरेगावकडे दारू म्हणजे हातभट्टीची. मिलिटरी कँटीनमधून मिळते ती रम. शपथेत रमचं नाव नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली आणि विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत बाटली ठेवली.

मग सकाळी हात थरथरू लागले. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसे. बोट लावलं की भिंत स्वच्छ. एकदा त्या मुंग्या सुमनच्या चेहऱ्यावरून चालत होत्या आणि ती शांतपणे माझ्याशी बोलत होती.

तिला वाटलं, देवाचं काही चुकलं, तेही तिच्याच हातून. शपथेपासून ती रोज देव्हाऱ्यापुढे ‘ह्यांनी थेंबबी घेतला न्हाई’ असं सांगायची; आता प्रायश्चित्त म्हणून एक वेळ जेवू लागली. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तरी मी गप्प राहिलो.

डॉक्टर म्हणाले, "ही गॅमा जी.टी. यकृताला त्रास झाला की रक्तात वाढते. दारूनं वाढते, काही औषधांनीही वाढते. पण तुमच्या तांबड्या पेशीही फुगल्यात, रोजच्या दारूनं फुगतात तशा. नुसत्या कागदावरून मी शिक्का मारणार नाही. खरं काय ते तुम्ही सांगा."

दोन दिवसांपूर्वी काचेच्या नळीत गेलेलं माझं रक्त माझ्याआधी या खोलीत येऊन बसलं होतं, सगळं बोलून मोकळं झालं होतं.

"रम घेतो," मी म्हणालो. "रोज."

"रम म्हंजी?" सुमननं विचारलं.

"दारूच," डॉक्टर म्हणाले.

ती रडली नाही. मला दाखल करून घेतलं. एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं म्हणाले. पहिले तीन दिवस खाटेखालून कुणीतरी माझ्याच आवाजात ‘घेत नाही, घेत नाही’ म्हणत होतं. चौथ्या दिवशी ते थांबलं.

त्या तपासणीचा मी ऋणी आहे. तुमच्यासाठी घरात कुणी उपाशी राहत असेल, तर कागद यायची वाट पाहू नका.

घरी आलो त्या दिवशी सुमन देव्हाऱ्यापुढे बसली. मला वाटलं, माझ्यासाठी काही मागेल. हात जोडून ती म्हणाली, "देवा, सात म्हयनं मी तुला खोटं सांगत हुते."